सूत्राचं नाव सांभाळायचं तर: बातमीदाराने शब्द देण्यापासून नोटीस येईपर्यंत काय करावं

“माझं नाव येऊ देऊ नका” हे बातमीदाराला नेहमी ऐकावं लागतं, आणि तोही सहज “नाही येणार” म्हणून मोकळा होतो. खरं तर नाव न छापणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. सूत्र उघडं पडतं ते फोनच्या नोंदींमुळे, झेरॉक्सवरच्या खुणेमुळे किंवा बातमीत हौसेने घातलेल्या एखाद्या फार अचूक तपशिलामुळे. कोर्टात प्रश्न विचारला गेलाच, तर भारतातला कायदाही बातमीदाराच्या पाठीशी ठामपणे उभा नाही. त्यामुळे खाली जे काही सांगतो आहे त्याचा रोख एकच आहे: जे तुमच्याकडे नाहीच, ते तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

आधी कायदा, कारण शब्द त्याच्या हिशेबाने द्यायचा असतो

“पत्रकाराला सूत्र सांगायची सक्ती करता येत नाही” असं वाक्य आपल्याकडे अनेकजण छातीठोकपणे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ च्या कलम १५(२) नुसार कोणत्याही वृत्तपत्राला, वृत्तसंस्थेला, संपादकाला किंवा पत्रकाराला बातमीचं सूत्र उघड करायला भाग पाडता येत नाही. पण हे बंधन प्रेस कौन्सिलच्या स्वतःच्या चौकशीपुरतं आहे. ते पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात लागू होत नाही.

पुराव्याच्या कायद्यात नवरा-बायकोमधल्या बोलण्याला संरक्षण आहे, वकील आणि अशिलामधल्या बोलण्यालाही आहे. पत्रकार आणि सूत्र यांच्यातल्या बोलण्याला नाही. विधी आयोगाने १९८३ मध्ये आपल्या ९३व्या अहवालात पुरावा कायद्यात १३२-अ हे नवं कलम घालण्याची शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही ही तरतूद आली नाही. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीतल्या एका न्यायालयाने सीबीआयचा ‘क्लोजर रिपोर्ट’, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, नाकारताना स्पष्टच म्हटलं की, तपास यंत्रणेपासून सूत्र लपवण्याची कोणतीही कायदेशीर सूट पत्रकारांना नाही.

दुसरी बाजूही आहे. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सूत्रांचं संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची एक मूलभूत अट असल्याचं म्हटलं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९६ मध्ये गुडविन विरुद्ध युनायटेड किंग्डम या खटल्यात हेच तत्त्व मांडलं होतं. राफेल प्रकरणात एप्रिल २०१९ मध्ये, माध्यमांत प्रसिद्ध झालेली संरक्षण खात्याची कागदपत्रं विचारात घेऊ नयेत हा सरकारचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. ‘द हिंदू’च्या एन. राम यांनी सूत्र सांगणार नाही असं जाहीरपणे सांगितलं होतं. म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(अ)च्या, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या, आधारे भांडायला जागा आहे. मात्र ते भांडण वरच्या न्यायालयात होतं, आणि पहिला प्रश्न मात्र तपास अधिकाऱ्याच्या टेबलासमोर बसल्यावर येतो.

बाहेरचं चित्रही सरसकट उजळ नाही. ब्रिटनमध्ये १९८१ च्या न्यायालय अवमान कायद्याचं कलम १० सूत्राला संरक्षण देतं, पण न्यायहित, राष्ट्रीय सुरक्षा किंवा गुन्हा व अशांतता रोखणं यासाठी आवश्यक असेल तर ते बाजूला ठेवता येतं. अमेरिकेत १९७२ च्या ब्रँझबर्ग निकालाने ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर) साक्ष टाळण्याचा घटनात्मक हक्क नाकारला. बऱ्याच राज्यांनी आपापले कायदे केले, संघराज्याचा मात्र अजून नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ज्युडिथ मिलर यांना २००५ मध्ये ८५ दिवस तुरुंगात काढावे लागले. स्वीडनची रीत यांच्या अगदी उलट आहे. तिथे निनावी राहू इच्छिणाऱ्या सूत्राचं नाव पत्रकाराने फोडणं हा गुन्हा आहे आणि सरकारी यंत्रणेने सूत्र कोण याचा शोध घेणंही निषिद्ध आहे. माझ्या मते कायदा असा हवा. तो येईपर्यंत आपल्याला आहे त्यातच काम करायचं आहे.

शब्द देण्यापूर्वी

सूत्राने तोंड उघडण्याआधीच अटी ठरवा. सगळं सांगून झाल्यावर “हे ऑफ द रेकॉर्ड होतं हां” म्हणण्यात अर्थ नसतो, आणि अननुभवी माणूस नेमकं तेच करतो. ‘ऑफ द रेकॉर्ड’चा अर्थही प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो. कोणाला वाटतं माहिती छापायची पण नाव नाही, कोणाला वाटतं काहीच छापायचं नाही, कोणाला वाटतं दुसऱ्या कोणाकडून खातरजमा झाली तर छापा. म्हणून ती संज्ञा बाजूला ठेवून साध्या वाक्यांत विचारा: माहिती वापरू का? तुमचे शब्द जसेच्या तसे घेऊ का? ‘खात्यातला अधिकारी’ म्हटलं तर चालेल का, की खात्याचंही नाव नको? संपादकांना तुमचं नाव सांगू का?

हा शेवटचा प्रश्न फार जण विचारत नाहीत. शब्द तुम्ही एकट्याने देता की वृत्तपत्राच्या वतीने, हे आधी स्पष्ट हवं. अमेरिकेत १९८२ मध्ये डॅन कोहेन या राजकीय सल्लागाराला बातमीदारांनी गुप्ततेचं वचन दिलं, आणि संपादकांनी ते डावलून नाव छापलं. कोहेनची नोकरी गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९९१ मध्ये वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या आडोशाने दिलेला शब्द मोडता येत नाही असं ठरलं. तुमच्या संपादकांचं धोरण माहीत नसेल तर “नाव फक्त माझ्याजवळ राहील” असं म्हणू नका. आधी विचारून घ्या.

मग सूत्राला खरा धोका समजावून सांगा. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये झाला, पण तो लागूच केलेला नाही. शिवाय त्यात संरक्षण आहे ते ठरावीक प्राधिकाऱ्याकडे तक्रार करणाऱ्याला. पत्रकाराकडे येणाऱ्याला नाही. कागद सरकारी गुपिताचा असेल तर १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याचं कलम ५ देणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही लागू होऊ शकतं. “काही होणार नाही, मी आहे ना” हा आपल्या धंद्यातला सगळ्यात बेजबाबदार दिलासा आहे. त्याऐवजी विचारा: हा कागद किती जणांकडे आहे? तुम्ही हा विषय ऑफिसात कोणाशी बोललात? बातमी आल्यावर पहिला संशय कोणावर जाईल? उत्तर “माझ्यावरच” असेल, तर तो कागद दुसऱ्या वाटेने, उदाहरणार्थ माहिती अधिकारात, मिळवता येतो का ते आधी पाहा.

शब्द कधी संपतो, हेही बोलून घ्या. अमेरिकेतल्या वॉटरगेट प्रकरणातलं ‘डीप थ्रोट’ हे गुप्त सूत्र म्हणजे मार्क फेल्ट, हे २००५ मध्ये त्यांनी स्वतः सांगितलं. तीन दशकं ते प्रकरण उघड करणारे बातमीदार वुडवर्ड आणि बर्नस्टीन गप्प राहिले. सूत्राने मोकळं केल्याशिवाय मोकळीक नाही, हा नियम धरावा. अपवाद एकच मानला जातो, तो म्हणजे सूत्राने जाणूनबुजून खोटं सांगून तुम्हाला वापरून घेतलं तर. पण हा अपवादही आधी बोलून ठेवलेला असावा.

पहिला संपर्क

सगळ्यात जास्त घात इथेच होतो, कारण पहिला फोन सहसा साधाच असतो. कोण काय बोललं हे कळायची गरजच नसते. कोण कोणाशी, कधी, किती वेळ बोललं एवढं पुरतं. २०१३ मध्ये उघड झालं की अमेरिकेच्या न्याय खात्याने ‘असोसिएटेड प्रेस’च्या २० हून अधिक फोन लाइनींच्या नोंदी गुपचूप मिळवल्या होत्या. संभाषणं नाहीत, फक्त नोंदी. आपल्याकडे दूरसंचार कंपन्यांना कॉलच्या नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात, आणि सिमकार्ड ओळखपत्रावरच मिळतं.

व्हॉट्सॲपवर मजकूर कूटबद्ध असतो, पण कोण कोणाशी बोललं याची माहिती कंपनीकडे राहते. शिवाय गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवरचा बॅकअप वेगळा पासवर्ड लावून कूटबद्ध केला नसेल, तर गप्पा त्या वाटेने बाहेर पडू शकतात. सिग्नल हे संदेशांचं ॲप त्यापेक्षा बरं. २०१६ मध्ये अमेरिकेत त्यांच्याकडे कोर्टामार्फत माहिती मागितली गेली, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच त्यांना देता आलं. सिग्नलमध्ये युजरनेम वापरा, नंबर लपवा, आपोआप पुसले जाणारे संदेश पहिल्याच दिवशी सुरू करा. स्क्रीन बंद असताना संदेशाचा मजकूर दिसणारी नोटिफिकेशनही बंद करा. इतकं सगळं करून सूत्राचा संदेश टेबलावर उलट्या ठेवलेल्या फोनऐवजी सुलट्या फोनवर झळकला, असं व्हायला नको.

सूत्राला तीन गोष्टी बजावून सांगा: ऑफिसचा ईमेल नाही, ऑफिसचा लॅपटॉप नाही, ऑफिसचं वाय-फाय नाही. व्हीपीएनवर, म्हणजे इंटरनेटवर आपला माग लपवणाऱ्या सेवेवर, भिस्त ठेवू नका. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांना भारतातल्या ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपावी लागते, आणि अनेक कंपन्यांनी त्यामुळे इथले सर्व्हर काढून घेतले. मोठ्या प्रकाशनांनी ओळख न देता कागद पाठवता यावेत म्हणून सिक्युअरड्रॉप ही यंत्रणा ठेवली आहे, तिचा मूळ आराखडा आरन स्वार्ट्झ आणि केविन पोल्सन यांचा. छोट्या वृत्तपत्राला ती नीट चालवणं जड जातं, आणि अर्धवट चालवलेली यंत्रणा नसलेली बरी.

प्रत्यक्ष भेटणार असाल तर फोन घरी ठेवा, आणि चालू ठेवा. दोघांचे फोन एकाच वेळी, एकाच तासासाठी बंद झाले तर तीही नोंद होते. रिक्षा-टॅक्सीच्या ॲपने जाऊ नका, चहाचे पैसे रोख द्या, कॅलेंडरमध्ये भेटीची नोंद करू नका.

कागद आणि फाइल

१९८३ मध्ये लंडनच्या ‘गार्डियन’कडे क्रूझ क्षेपणास्त्रांच्या आगमनाविषयीचा एक सरकारी मसुदा निनावी येऊन पडला. तो कोणी पाठवला हे वृत्तपत्रालाही ठाऊक नव्हतं. सरकारने कागद परत मागितला, न्यायालयाने आदेश दिला, वृत्तपत्राने कागद दिला. त्यावरच्या खुणांवरून झेरॉक्स मशीन सापडलं, मशीनवरून परराष्ट्र खात्यातली लिपिक सारा टिस्डॉल सापडली, आणि १९८४ मध्ये तिला सहा महिन्यांची शिक्षा झाली. वृत्तपत्राला नाव माहीत नव्हतं, पण कागदाला माहीत होतं.

अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेसाठी काम करणाऱ्या रिॲलिटी विनर हिची २०१७ ची गोष्टही त्याच जातीची. एका वृत्तसंकेतस्थळाने हाती आलेल्या गुप्त कागदाची प्रत खातरजमेसाठी सरकारला दाखवली. प्रतीवरच्या घडीवरून तो छापून बाहेर नेला असावा असं दिसलं. तो छापणारे सहाच जण निघाले, आणि त्यातल्या एकीनेच ऑफिसच्या संगणकावरून त्या संकेतस्थळाला ईमेल केला होता. तिला पाच वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. प्रसिद्ध झालेल्या प्रतीत रंगीत प्रिंटर उमटवतात ते जवळजवळ न दिसणारे पिवळे ठिपकेही होते.

यावरून काढायचे नियम असे. मूळ कागद शक्यतो ताब्यात घेऊ नका. वाचा, टिपून घ्या, परत करा. घेतलाच तर मजकूर नव्याने टाइप करा, फोटो छापू नका. प्रतिक्रिया मागताना संबंधित खात्याला कागदाची प्रत कधीही पाठवू नका. मजकुरातली वस्तुस्थिती विचारा, तीही असा प्रश्न करून जो विचारण्याइतकी माहिती बऱ्याच जणांकडे असू शकते. शब्दशः उद्धरणाचा मोह आवरा. संशयी अधिकारी एकाच पत्राच्या प्रत्येक प्रतीत एखादा शब्द बदलून ठेवतो, आणि छापलेल्या वाक्यावरून कोणाची प्रत फुटली ते त्याला कळतं.

फाइलच्या पोटातली माहिती वेगळीच. वर्ड फाइल लेखकाचं नाव आणि दुरुस्त्यांचा इतिहास बाळगते, फोटो जागा आणि वेळ बाळगतो. २०१२ मध्ये पोलिसांना चुकवत फिरणारे सॉफ्टवेअर उद्योजक जॉन मॅकॅफी कुठे आहेत हे जगाला कळलं ते एका नियतकालिकाने टाकलेल्या फोटोतल्या जीपीएस नोंदीमुळे. ते ग्वाटेमालात होते. पीडीएफवर काळी पट्टी ओढली की खालचा मजकूर जात नाही, कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की वाचता येतो. व्हिडिओत चेहरा धूसर करण्यापेक्षा पूर्ण झाका, आणि आवाज यंत्राने बदलण्यापेक्षा दुसऱ्याच्या आवाजात पुन्हा वाचून घ्या.

ऑफिसात

नाव कळायलाच हवं अशी एकच व्यक्ती असावी, बहुधा संपादक. डेस्कला, छायाचित्रकाराला, जाहिरात विभागाला ते कळायचं कारण नाही. बातमीच्या सॉफ्टवेअरमधल्या शेऱ्यांत नाव नको, आणि संपादकीय विभागाच्या व्हॉट्सॲप गटात तर अजिबात नको. तालुका पातळीवरच्या वार्ताहराची अडचण खरी आहे. त्याच्यामागे ना विधी विभाग असतो ना नेमणुकीचं पत्र. त्याने तर बातमी पाठवण्याआधीच मुख्य कार्यालयाला लेखी विचारावं: नोटीस आली तर वकील कोण देणार?

लिहिताना

‘विश्वसनीय सूत्रांनी सांगितले’ या वाक्याचा आपल्याकडे इतका चोथा झाला आहे की वाचक ते वाचतही नाही. सूत्राचं वर्णन वाचकाला विश्वास वाटेल इतकं नेमकं आणि सहकाऱ्याला ओळखू येणार नाही इतकं सैल असावं लागतं. कसोटी सोपी आहे. तुमचं वर्णन घेऊन त्या ऑफिसातला शिपाई किती नावं सांगू शकेल? उत्तर चार-पाचच्या खाली असेल तर वर्णन बदला. ‘बैठकीला हजर असलेल्या महिला अधिकाऱ्याने’ असं लिहिलंत आणि बैठकीत एकच महिला होती, तर नाव छापल्यासारखंच आहे.

खोटं मात्र लिहू नका. एका सूत्राचं ‘अनेक सूत्रं’ करणं किंवा पुरुषाला स्त्री करणं हे संरक्षण नव्हे, वाचकाची फसवणूक आहे. बदनामीचा खटला आला तर तेच अंगाशी येतं. शक्य असेल तर सूत्राने सांगितलेलं सगळं दुसऱ्या, उघड कागदावरून सिद्ध करा आणि बातमीत सूत्राचा उल्लेखच टाळा. वेळेचंही भान ठेवा. सोमवारच्या पाच जणांच्या बैठकीची बातमी मंगळवारी आली की संशयितांची यादी पाचावर येते. आठवडाभर थांबलात तर ती फुगते.

नोटीस आली तर

आधी नोटीस कोणत्या कलमाखाली आहे ते वाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ म्हणजे साक्षीदार म्हणून बोलावणं. कलम ९४ म्हणजे कागद किंवा वस्तू हजर करा, यात आता इलेक्ट्रॉनिक उपकरणंही येतात. कलम ३५(३) म्हणजे तुमच्यावरच संशय आहे. या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत, त्यामुळे वकिलाशी बोलल्याशिवाय फोनवर “येतो साहेब” म्हणू नका. गुन्ह्याचा नंबर लेखी मागा. स्त्रियांना आणि ६० वर्षांवरील पुरुषांना साक्षीसाठी राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही. आरोपी असाल तर अनुच्छेद २०(३) खाली स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, आणि कागद हजर करण्याची नोटीसही आरोपीवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये म्हटलं आहे.

जबाबात “मला माहीत नाही” असं खोटं सांगू नका. “हे मी सांगू शकत नाही, कारण मी व्यावसायिक गुप्ततेला बांधील आहे” असं म्हणा आणि तेवढंच नोंदवून घ्या. नकाराची किंमत मोजावी लागू शकते, पण खोट्याची जास्त मोजावी लागते. तपासादरम्यानच्या जबाबावर सही करायची नसते, ती मागितली तर वकिलाला सांगा. लेखी उत्तरात अनुच्छेद १९(१)(अ), २०२१ चा पेगॅसस आदेश आणि प्रेस कौन्सिलचे आचारनियम नमूद करा, छापून आलेला मजकूर द्यायची तयारी दाखवा आणि उरलेल्यासाठी उच्च न्यायालयाची वाट मोकळी ठेवा.

नोटीस हातात पडल्यावर काहीही पुसू नका. पुरावा म्हणून हजर होऊ नये यासाठी कागद किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. पुसायचं ते त्याआधी, रोजच्या शिस्तीत. काम संपलं की टिपणं जाळायची, संदेश आपोआप जायचे, रेकॉर्डिंग मजकूर उतरवून झाल्यावर संपवायचं, आणि हा नियम सगळ्या बातम्यांना सारखा लावायचा.

झडतीच्या वेळी वाद घालू नका, नोंदी करा. झडतीचं आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करणं कलम १०५ नुसार आता बंधनकारक आहे, ते सुरू आहे का पाहा. पंच कोण आहेत ते लिहून घ्या, जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागा, आणि प्रत्येक उपकरणाची हॅश व्हॅल्यू (आतल्या मजकुरावरून निघणारा, मजकूर बदलला की बदलणारा आकडा) तिथेच पंचनाम्यात घ्या असा आग्रह धरा; नंतर फाइलमध्ये काही घुसडलं गेलं तर तेवढाच आधार असतो. पत्रकारांच्या उपकरणांच्या जप्तीबाबत मार्गदर्शक तत्त्वं करा असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राला सांगितलं होतं. वकिलाने तो आदेश हातात ठेवावा. पासवर्ड द्यायची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांचे निकाल एकमुखी नाहीत, म्हणून तो निर्णय वकिलाविना घेऊ नका. बोटाचा ठसा आणि चेहरा यांनी फोन उघडण्याची सोय मात्र आजच बंद करा, आणि लांब पासवर्ड ठेवा. पूर्ण बंद केलेला फोन नुसत्या लॉक केलेल्या फोनपेक्षा उघडायला अवघड असतो.

सूत्राला कळवायची घाई करू नका. त्या दिवशी तुमच्या फोनवर सगळ्यांची नजर असते, आणि घाबरून केलेला एक कॉल पुरतो. “माझ्यावर कारवाई झाली तर तुम्हाला वर्तमानपत्रातून कळेल, मी फोन करणार नाही, तुम्हीही करू नका” हे पहिल्याच भेटीत ठरलेलं असावं. सूत्राचा स्वतःचा वकील कोण, हेही तेव्हाच. तुमचा आणि त्याचा वकील वेगळा हवा, कारण पुढे दोघांचं हित वेगळं होऊ शकतं. फोन महिन्यांनी परत मिळाला तर तो तपासणीसाठी जाणकाराकडे द्या, आणि निर्धोक असल्याचं त्याने सांगितलं तरी त्या फोनवरून पुन्हा कोणत्याही सूत्राशी बोलू नका.